व्हॉट वी डू इन द शॅडोज : सिनेमा, मालिका आणि गियेर्मो (स्पॉयलर आहेत)

रातकिडा

२०१४ चा सिनेमा आणि त्यावरून निघालेली मालिका, दोन्हींवर इथे धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. सहाही सीझन धरून लिहिलंय, तेव्हा ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुढचा एक परिच्छेद वाचून थांबावं.

जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटिटी या न्यूझीलंडच्या जोडगोळीने २००५ साली व्हॅम्पायरांच्या मुलाखतींची एक शॉर्ट फिल्म केली होती. तिचाच पुढे २०१४ मध्ये पूर्ण लांबीचा सिनेमा झाला. वेलिंग्टनमधलं जुनं घर, त्यात एकत्र राहणारे व्हॅम्पायर, पाच वर्षांची भांडी तुंबली आहेत ती कोणी घासायची यावरून होणारी वादावादी, आणि हे सगळं टिपणारी डॉक्युमेंटरीवाली मंडळी. मार्च २०१९ मध्ये एफएक्स वाहिनीवर मालिका सुरू झाली. क्लेमेंट तिचा कर्ता, पहिला भाग वायटिटीने दिग्दर्शित केला, कारभार पॉल सिम्सच्या हाती. घर न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर गेलं आणि माणसं सगळी नवी आली : नँडोर (केवान नोवाक), लास्लो (मॅट बेरी), नाद्या (नटाशिया दिमित्रिऊ), कॉलिन रॉबिन्सन (मार्क प्रॉक्श) आणि गियेर्मो (हार्वी गियेन). डिसेंबर २०२४ मध्ये ६१ भागांनंतर मालिका संपली.

आता मुद्द्याचं. सिनेमात जॅकी नावाची एक बाई आहे. डीकन या व्हॅम्पायरची ती फॅमिलिअर, म्हणजे माणसांतली नोकर. घर साफ करायचं, रक्ताचे डाग काढायचे, बळी जमवून आणायचे, आणि 'एक दिवस तुला आमच्यातली करू' या आश्वासनावर दिवस काढायचे. सिनेमात हे उपकथानक आहे. क्लेमेंटने मालिका करताना नेमकं तेच उचललं आणि घराच्या मध्यावर आणून ठेवलं. माझ्या मते ही मालिका सहा सीझन तगली ती याच एका निर्णयामुळे.

पहिल्याच भागात गियेर्मोला नँडोरच्या सेवेत दहा वर्षं पूर्ण होतात. त्याला खात्री असते की आज आपल्याला व्हॅम्पायर करणार. लहानपणी पडद्यावर अँटोनियो बँडेरासने केलेला व्हॅम्पायर पाहिल्यापासून त्याचं हेच एक स्वप्न. आणि नँडोर त्याला काय देतो? चमकी चिकटवून स्वतःच्या हाताने केलेलं दोघांचं चित्र. त्या क्षणी हार्वी गियेनचा चेहरा बघा. हसू तसंच ठेवलेलं, डोळे मात्र विझलेले, मग क्षणभर कॅमेऱ्याकडे नजर. नँडोरने ते चित्र मन लावून केलंय, त्याला खरंच वाटतंय की ही मोठी भेट आहे. सातशेहून जास्त वर्षं जगलेल्याला दहा वर्षं म्हणजे काय ते कळतच नाही. गियेर्मोची मात्र ती विशी-तिशीतली दहा वर्षं आहेत. पुढचे सगळे सीझन याच फटीतून उगवलेत असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

स्वानंद७

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. जॅकी डेटोनाबद्दल (मालिकेतला, सिनेमातली जॅकी नव्हे) कोणी आधी लिहू नका, प्लीज.

धोंडोपंत

लेख चांगला आहे, पण मी सिनेमाच्या बाजूचा.

सिनेमा ज्या पद्धतीने बनला ती पद्धत मालिकेला परवडणारीच नव्हती. पटकथा लिहून तयार होती, पण नटांना ती वाचायला दिली नव्हती. प्रसंग सांगायचा आणि बोलायला सोडून द्यायचं. असं करत सुमारे १२५ तासांचं चित्रण जमलं आणि त्यातून दीड तासाचा सिनेमा कापून काढला. म्हणजे जे पडद्यावर राहिलं त्याच्या कितीतरी पट टाकून दिलं. ती कसदार घनता दर आठवड्याला कुठून आणणार? स्टूचं उदाहरण घ्या. हे पात्र करणारा स्टू रदरफोर्ड व्यवसायाने नट नव्हताच, संगणकातला माणूस. तो फक्त उभा असतो, गोरामोरा, जवळजवळ न बोलता, आणि सगळे व्हॅम्पायर त्याच्या प्रेमात पडतात. ठरवलेलं असतं की नव्या व्हॅम्पायरचा, निकचा, हा मित्र आहे, याला कोणी खायचं नाही. ऑनलाइन जाऊन बोली कशी लावायची, यूट्यूबवर सूर्योदय कसा बघायचा हे तो त्यांना शिकवतो. सूर्योदयाच्या प्रसंगात मी दरवेळी हसता हसता गप्प होतो. शेकडो वर्षांत त्यांनी तो पाहिलेला नाही. कोणी भाष्य करत नाही, संगीत चढत नाही, लगेच पुढचा प्रसंग.

मालिकेत हा संयम पुढेपुढे सुटत जातो. प्रत्येक भावना बोलून दाखवली जाते. आणि मंतरलेली टोपी, जिन, बाहुलीत शिरलेलं भूत, क्लोन... दर सीझनला नवीन काहीतरी आणावं लागतं, ही लांबीची लाचारी आहे.

केतकी_वेलिंग्टन

धोंडोपंत, स्टूबद्दल अगदी अगदी!

मी नोकरीनिमित्त वेलिंग्टनला स्थायिक आहे, म्हणून इथलं थोडं सांगते. सिनेमात ते नटूनथटून रात्री बाहेर पडतात तो कोर्टनी प्लेस म्हणजे इथला शुक्रवार-शनिवारी रात्री गजबजणारा भाग. पण राजधानी असली तरी शहर लहान आहे. समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात बसलेलं. चालत अर्ध्या तासात सगळं मध्यवर्ती शहर पालथं घालता येतं. त्यामुळे व्हॅम्पायर, लांडगे-माणसं आणि झोंबी एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात हे इथे राहणाऱ्याला पटतं. इथे कोणीही कोणाला तरी ओळखतंच. ऱ्हिस डार्बीचा लांडग्यांचा म्होरक्या आपल्या पोरांना शिव्या देऊ नका म्हणून दटावतो, तो सूर तर मी इथल्या शाळांच्या मैदानावर दर शनिवारी ऐकते.

आणि आमंत्रणाची गंमत. व्हॅम्पायरला कोणी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, हा जुना नियम. सिनेमात ते क्लबच्या दाराशी उभे राहून दारवानाला विनवतात की बाबा, तोंडाने म्हण, या आत या. राजेशाही कपडे घातलेले शेकडो वर्षांचे हे लोक फुटपाथवर ताटकळतात. इथला विनोद असा आहे, मोठेपणा कोणाचा चालत नाही.

सिनेमातले ते दोन पोलीस आठवतात? घरात प्रेत पडलंय आणि हे स्मोक अलार्म नाही म्हणून समज देतात. कॅरन ओ'लिअरी आणि माइक मिनोग. त्यांच्यावरून 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल' ही वेगळी मालिका निघाली, २०१८ ते २०२२, चार सीझन. म्हणजे अमेरिकन मालिकेच्या आधीच सिनेमाला घरच्या मातीत एक फुटवा आला होता. ज्यांना सिनेमाचा तो शांतपणा हवाय त्यांनी ती जरूर पाहावी. धोंडोपंत, तुमच्यासाठीच आहे ती.

रातकिडा

@धोंडोपंत, घनतेचा मुद्दा मान्य. पण सिनेमाचं ते संकलन करणाऱ्यांत याना गोर्स्काया होती आणि पुढे मालिकेचे बरेच भाग तिने दिग्दर्शित केले. १२५ तासांतून कुठला श्वास ठेवायचा आणि कुठला कापायचा हे जिला ठाऊक आहे तीच व्यक्ती सेटवर उभी आहे, हे मालिकेच्या लयीत दिसतं. विनोद झाल्यावर अर्धा सेकंद थांबून निघणं, वाक्य तोडून दुसऱ्या खोलीत जाणं, हे सिनेमातूनच आलंय.

संयमाबद्दल : सिनेमा चार मित्रांचा आहे. मित्रांना एकमेकांकडून फार काही नको असतं, म्हणून ते न बोलता चालतं. गियेर्मोला नँडोरकडून काहीतरी हवंय आणि नँडोरला ते द्यायचं नाहीये. अशा दोन माणसांना कधी ना कधी बोलावं लागतंच.

अनुजा_एडिसन

धाग्याबद्दल धन्यवाद. स्टेटन आयलंडबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. आऊटरब्रिज हा पूल ओलांडला की स्टेटन आयलंड. आम्ही ब्रुकलिनला जाताना त्यातून आरपार जातो, थांबत कोणी नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाच भागांतला (त्यांना बरो म्हणतात) हा एक, पण शहराच्या सबवेला जोडलेला नाही, त्याची स्वतःची वेगळी रेल्वे आहे. मॅनहॅटनला जायला फुकट फेरी आहे, तिकडचे पर्यटक स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायला फेरीत बसतात, बेटावर उतरतात आणि पुढच्या फेरीने परत फिरतात. शहराचा कचरा १९४८ पासून २००१ पर्यंत इथल्या फ्रेश किल्सवर पडत होता. १९९३ साली इथल्या लोकांनी शहरातून वेगळं व्हायचं म्हणून मोठ्या बहुमताने मतदान केलं होतं, ते पुढे वरच अडलं.

आता ही पार्श्वभूमी ठेवून पहिला सीझन बघा. युरोपातून व्हॅम्पायर जहाजाने अमेरिकेत आले ते नवी दुनिया जिंकायला. उतरले स्टेटन आयलंडवर आणि तिथेच राहिले. शंभराहून जास्त वर्षांनी जुन्या देशातून बॅरन अफानस हिशेब विचारायला येतो, तेव्हा जिंकलेला मुलूख म्हणजे आपली गल्ली आणि शेजारच्या गल्लीचा थोडा तुकडा. मग घाईघाईने ते कुठे जातात? बरोच्या कौन्सिलच्या बैठकीला! नँडोर, एकेकाळी फौजा घेऊन गावं जाळणारा सरदार, झूल घालून उभा राहतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही. कौन्सिलमधल्या माणसाने झोनिंगबद्दल (कुठल्या जागेत काय बांधायचं त्याचे नियम) जे काही लावून धरलेलं असतं तेच पुढे सरकतं. मी आमच्या टाउनशिपच्या बैठकांना जाते. खुर्च्या, माइक, वेळ संपल्याची सूचना, कोपऱ्यात बसलेले तेच ते चार लोक, सगळं जसंच्या तसं आहे.

प्रत्यक्ष चित्रीकरण टोरांटोत झालं, हे पडद्यावर कळतही नाही. पण लेखकांना बेट माहीत आहे. मॅनहॅटन निवडलं असतं तर हे व्हॅम्पायर दिमाखदार झाले असते. इथे त्यांना कोणी ओळखत नाही. शेजारचा शॉन त्यांना साधे, थोडे विचित्र शेजारी समजतो आणि सुपर बोलच्या पार्टीला बोलावतो.

मध्यरात्र

रातकिडा, तुमचा मुद्दा पटतो, पण गियेर्मोच्या नादात तुम्ही कॉलिन रॉबिन्सनला एका ओळीत गुंडाळलंत, हे बरोबर नाही.

एनर्जी व्हॅम्पायर ही मालिकेची स्वतःची कमाई आहे, सिनेमात तो नाही. दात नाहीत, झूल नाही, उन्हात फिरतो, तपकिरी-पिवळट कपडे घालून ऑफिसला जातो आणि लोकांना कंटाळा आणून, वाद उकरून काढून त्यांची शक्ती शोषतो. मार्क प्रॉक्श ते करताना आवाज एका पट्टीच्या वर नेत नाही. समोरचा माणूस हळूहळू खांदे पाडतो, पापण्या जड होतात, आणि मग एक क्षण कॉलिनचे डोळे निळे चमकतात. बस. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या ऑफिसात एव्ही येते (व्हॅनेसा बेअर). ती आपल्या दुःखाच्या कहाण्या सांगून लोकांच्या कणवेवर जगते. दोघं एकाच ऑफिसातल्या लोकांवर तुटून पडतात तो भाग बघताना मला माझ्या जुन्या नोकरीतले दोन सहकारी नावानिशी दिसले.

आणि तुम्ही म्हणता तो वेळेचा मुद्दा सर्वांत खोलवर कुठे जातो माहितीये? चौथ्या सीझनमध्ये. तिसऱ्याच्या शेवटी कॉलिन शंभर वर्षांचा होऊन मरतो आणि त्याच्या छातीतून एक बाळ बाहेर येतं. सगळे घर सोडून निघालेले. लास्लो, ज्याने आयुष्यभर स्वतःच्या मौजेपलीकडे काही पाहिलं नाही, तो एकटा त्या बाळासाठी मागे राहतो. बायकोबरोबर लंडनला जायचं जहाज सोडून. पुढे ते पोर भराभर वाढतं. घरभर पळणारं, मग नाचगाण्याचं वेड लागलेलं, मग दार आपटणारा, तोंड वर करून न बोलणारा पौगंड मुलगा. लास्लो त्याला कंटाळवाणा होऊ न देता वाढवायचा आटोकाट प्रयत्न करतो. शेवटी कॉलिन भिंती फोडत सुटतो, आत लपवलेली खोली सापडते, त्यात त्याच्या मागच्या जन्माच्या डायऱ्या. त्या वाचून तो पुन्हा तोच जुना कॉलिन होतो आणि लास्लोने वाढवल्याचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.

मॅट बेरीचा आवाज हा एरवी मालिकेतला सगळ्यात मोठा हुकमी एक्का. प्रत्येक शब्द तो ताणून, घोळवून बोलतो. त्या प्रसंगात तो जवळजवळ काही बोलत नाही. माझी मुलगी तेव्हा शिकायला बाहेरगावी गेली होती. मी तो भाग एकदाच पाहिलाय.

धोंडोपंत, भावना बोलून दाखवतात म्हणालात ना? हा भाग बघा.

धोंडोपंत

@मध्यरात्र, भावना पोचल्या. तो भाग उत्तम आहे, वादच नाही.

गोदाकाठ

मला भयकथांचा नाद आहे, त्या अंगाने थोडं.

विनोदी भयपटात बरेचदा नियम सोयीप्रमाणे वाकवले जातात. इथे उलट, नियम पाळल्यामुळेच विनोद होतो. आणि हे नियम आले कुठून हेही करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. उदाहरणार्थ, उन्हाने व्हॅम्पायर जळून मरतो असं आपण धरून चालतो. १८९७ च्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी झालेल्या असतात. सूर्याने मरण्याची कल्पना १९२२ च्या मूक जर्मन 'नोस्फेराटू' पासून रुळली. सिनेमातला तळघरात राहणारा आठ हजार वर्षांचा पीटर हा हुबेहूब त्या जर्मन चित्रपटातल्या व्हॅम्पायरसारखा रंगवलाय, टक्कल, उंदराचे दात, लांब नखं. तो मरतो कशाने? उन्हाने. मालिकेतला बॅरन (डग जोन्स) त्याच घराण्यातला. एका रात्रीत शहरात भटकून, पिझ्झा खाऊन, तुफान मजा करून परत येतो आणि गियेर्मो दार उघडतो तेव्हा बाहेर सकाळ झालेली असते.

जन्मभूमीच्या मातीचंही तसंच. स्टोकरचा ड्रॅक्युला मातीने भरलेल्या पेट्या घेऊन इंग्लंडला जातो, कारण त्याला विश्रांती तिच्यातच मिळते. तिसऱ्या सीझनमध्ये मंडळी अटलांटिक सिटीच्या कसिनोत जातात आणि हॉटेलची सफाई करणारे गाद्यांखालची ती माती केर समजून काढून टाकतात. व्हॅम्पायर दुबळे होत जातात आणि गियेर्मोला जगभर फिरून प्रत्येकाच्या गावची माती आणावी लागते. पुन्हा काम नोकराच्याच गळ्यात. म्हणजे रातकिडा म्हणतात ते सूत्र इथेही आहेच.

पहिल्या सीझनमधला 'द ट्रायल' हा भाग तर या प्रकारावर प्रेम करणाऱ्यांना मेजवानी आहे. व्हॅम्पायरांच्या न्यायासनावर टिल्डा स्विंटन, डॅनी ट्रेहो, इव्हान रेचल वूड, पॉल रूबेन्स, आणि व्हिडिओ कॉलवर वेस्ली स्नाइप्स. सगळ्यांनी पूर्वी कुठे ना कुठे व्हॅम्पायर किंवा त्यातलाच कोणी केलेला. शेजारी सिनेमातली तिन्ही मुख्य पात्रं, व्हिआगो, व्लादिस्लाव आणि डीकन. म्हणजे सिनेमा आणि मालिका एकाच जगात घडतात हे तिथेच नक्की झालं.

कपड्यांबद्दल कोणी बोललं नाही. २०२२ मध्ये या मालिकेला वेशभूषेसाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. नाद्याच्या बाह्या आणि नँडोरच्या झुलीचं भरतकाम जवळून बघा. प्रत्येकाचा काळ आणि देश वेगळा, आणि जो ज्या काळात मेला तिथेच त्याचे कपडे थांबलेत.

स्वानंद७

आलो! रुमाल काढतो.

दुसऱ्या सीझनचा सहावा भाग, 'ऑन द रन'. स्टेफनी रॉबिन्सनने लिहिलाय आणि तिला त्यासाठी एमीचं नामांकन होतं. जिम नावाचा व्हॅम्पायर (चक्क मार्क हॅमिल) शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं थकलेलं भाडं मागायला येतो. लास्लो द्वंद्व टाळून पळ काढतो, पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात जातो, बार चालवायला घेतो आणि नाव धारण करतो जॅकी डेटोना. वेषांतर म्हणजे जीन्सची पँट आणि तोंडात टूथपिक. एवढंच. तेवढ्यावर समोर बसलेल्या जिमला तो ओळखू येत नाही! हसून हसून पुरेवाट झाली होती माझी.

पण मला तो भाग आवडतो तो दुसऱ्याच कारणाने. लास्लोला तिथे खरंच बरं वाटतं. गिऱ्हाइकांना तो नावाने ओळखतो, गावातल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघासाठी जीव टाकतो. घरात तो ऐषारामी, आळशी. इथे चारचौघांत मिसळलेला, कष्ट करणारा माणूस. घरच्यांपैकी कोणीही सोबत नसताना, पूर्ण भाग एका नटाच्या खांद्यावर, वीस-बावीस मिनिटांत एक अख्खं गाव उभं केलंय. कुणाला मालिका दाखवायची असेल तर मी याच भागापासून सुरुवात करायला सांगतो.

चकवा

नमस्कार, नवीन सभासद आहे. स्पॉयलर माहीत असूनही सगळं वाचलं. सिनेमा आधी बघू की मालिका? आणि खूप रक्तबंबाळ आहे का? आईबरोबर बसून बघायचा विचार होता.

केतकी_वेलिंग्टन

स्वागत! सिनेमा आधी. दीड तासाचं काम आहे आणि नियम सगळे कळतात. रक्त दोन्हीकडे भरपूर, पण कारंजं उडतं तशा पद्धतीचं, भीती वाटावी असं नाही. मालिकेत मात्र अचकट-विचकट बोलणं फार आहे, लास्लो आणि नाद्या तर विचारूच नका. आईंचा अंदाज घेऊन ठरवा. मी सासूबाईंबरोबर 'वेलिंग्टन पॅरानॉर्मल' बघितली, ती निर्धास्त बघता येते.

धोंडोपंत

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. रातकिडा, मालिका गियेर्मोची आहे हे तुमचं म्हणणं धरून चालू. मग पाचव्या सीझनचं काय?

पहिल्या सीझनच्या शेवटी वंशावळीच्या चाचणीत कळतं की हा व्हॅन हेल्सिंगचा वंशज. व्हॅम्पायर व्हायची आस असलेल्याच्या रक्तातच व्हॅम्पायर मारणं. जबरदस्त कल्पना. दुसऱ्याच्या शेवटी नाट्यगृहात तो एकटा, घरच्यांना वाचवण्यासाठी, व्हॅम्पायरांनी भरलेलं सभागृह रिकामं करतो. तिथे मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मग चौथ्याच्या शेवटी नँडोरची वाट बघणं सोडून तो दुकानात काम करणाऱ्या डेरेकला पैसे देऊन स्वतःला चावून घेतो. इतक्या वर्षांची आस, आणि ती पुरी होते पैसे मोजून. इथवर मी तुमच्याबरोबर.

पण पाचव्यात अख्खा सीझन ते गुपित लपवण्यात घालवला. नँडोरला कळलं तर प्रलय होईल असं वाढवत वाढवत नेलं, आणि शेवटी माफी, डेरेकचा बळी आणि गियेर्मो परत माणूस. आपण निघालो होतो तिथेच येऊन उभे. प्रेक्षकाची पाच वर्षं घेतलीत, तर त्याचं काहीतरी व्हायला हवं होतं.

रातकिडा

मला तोच सीझन सर्वांत धाडसी वाटतो.

त्याला हवं ते मिळालं आणि मग त्याला कळलं की माणसाचं रक्त आपल्याच्याने पिववत नाही. दहा-बारा वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी बळी आणले, प्रेतं पुरली, घर पुसलं. स्वतः मात्र एका निरपराध माणसाच्या गळ्याला तोंड लावू शकत नाही. जी गोष्ट मिळवायला तारुण्य घातलं ती आपली नव्हतीच, हे कळणं म्हणजे निघालो तिथेच येणं कसं? सहाव्या सीझनमध्ये तो घरातून बाहेर अंगणातल्या शेडमध्ये राहायला जातो, फॅमिलिअरचं काम सोडतो, गुंतवणूक कंपनीत नोकरी धरतो. आणि तिथला साहेब जॉर्डन (टिम हायडेकर) निघतो कसा? पुन्हा मालकच. फक्त याला दिवसा झोप लागत नाही आणि याला गियेर्मोबद्दल नँडोरएवढीही आपुलकी नाही. नँडोर तर गियेर्मोच्या मागोमाग तिथे सफाई कामगार होऊन येतो. एकेकाळचा सरदार हातात फडकं घेऊन त्याच मजल्यावर. यातलं काहीही पहिल्या सीझनमध्ये घडू शकलं नसतं.

आणि शेवटचा भाग. डॉक्युमेंटरीवाले सांगतात, झालं, पुरेसं चित्रण मिळालं. व्हॅम्पायरांना त्याचं काही नाही. आधीही एकदा कोणीतरी अशीच त्यांची फिल्म काढून गेलेलं असतं, ती कृष्णधवल फिल्म ते दाखवतात, आणि त्यातही ते अगदी असेच. तेच वाद, त्याच खुर्च्या. हादरतो तो एकटा गियेर्मो. त्याला वाटत होतं हे कुठेतरी पोचणार आहे.

अनुजा_एडिसन

शेवटच्या भागाबद्दल मी तुमच्याइतकी समाधानी नाही. कृष्णधवल फिल्मचा प्रसंग अप्रतिम, तो तिथेच संपवायला हवा होता. त्यानंतर गियेर्मो नँडोरचा निरोप घेतो, जातो, परत येतो, आणि दोघं एकाच शवपेटीत बसून खाली गुप्त तळघराकडे जातात. मला तो जायला हवा होता. दहा वर्षं फुकट राबवून घेतलेल्या मुलाने परत त्याच माणसाच्या पेटीत बसायचं? आमच्याकडे इथे घरकामाला, मुलं सांभाळायला येणाऱ्या बायका आहेत, त्यांना 'तू आमच्या घरातलीच' असं म्हणतात आणि पगारवाढीचा विषय काढला की सगळे गप्प. नँडोरचं प्रेम खरं आहे, मला शंका नाही. म्हणूनच मला ते जास्त लागतं.

रातकिडा

@अनुजा, हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता आणि त्यात वजन आहे. तरी दोन गोष्टी. एक, तो नोकर म्हणून परत येत नाही. नँडोर त्याला बरोबरीने, सोबती म्हणून बोलावतो आणि तो पेटीत शेजारी बसतो. इतकी वर्षं पेटीचं झाकण उघडणं-लावणं हे गियेर्मोचं काम होतं, नँडोर आत, हा बाहेर. दोन, निरोप कॅमेऱ्यासाठी होता. परत येणं त्याने स्वतः ठरवलं, डॉक्युमेंटरीला शेवट देऊन झाल्यावर.

पगाराचं मात्र तुमचं खरं आहे. सहा सीझनांत त्याला एक पैसा दिलेला मला आठवत नाही.

गोदाकाठ

अनुजाताईंना अनुमोदन. आणि बाकीच्या फॅमिलिअरांचंही बघा. पहिल्या सीझनपासून ते मरताहेत आणि कोणी दखल घेत नाही. सिनेमातल्या जॅकीचं निदान काम झालं. ती व्हॅम्पायर होते आणि मग स्वतःच्या नवऱ्याला कामाला लावते. मला वाटतं धोंडोपंतांच्या सिनेमाने या प्रश्नाचं उत्तर जास्त कडक दिलंय.

धोंडोपंत

वा, गोदाकाठ! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जॅकी वर चढते आणि पहिलं काय करते तर नोकर ठेवते. आज रात्री सिनेमा पुन्हा लावतो, या वेळी फक्त जॅकीचे प्रसंग बघायला.

चकवा

सिनेमा बघितला, आईबरोबरच. तिला व्हिआगो फार आवडला, बळी बसवायच्या आधी सोफ्यावर वर्तमानपत्रं अंथरतो म्हणून. म्हणाली, एवढी शिस्त घरात कोणाला तरी हवी. मालिकेचा पहिला भाग उद्या. कोणी सांगेल का, चमकीचं ते चित्र पुढे कधी परत दिसतं का?